आबांनी घातलेला बांध

माझ्या मुलीच्या इंग्रजीच्या पुस्तकात शेवटी शब्दांचे अर्थ दिलेत. त्यात 'माउंड' या शब्दापुढे लिहिलंय, मातीचा उंचवटा. बस, एवढंच. तिच्याकडून पाठ करून घेताना मला आधी हसू आलं आणि मग राग आला. माती काय आपोआप उंच होते? कुणीतरी ती टोपल्याने वाहून आणतं, कुणीतरी पायाने दाबतं, आणि कशासाठी ते त्यांनाच ठाऊक असतं. पुस्तकाला त्याच्याशी घेणंदेणं नाही.

मी बारडोलीजवळची. आमचं घर मूळ धुळ्याकडचं, ऊसतोडीला आलं आणि साखर कारखान्याच्या आसपासच राहून गेलं. माझ्या माहेरी मातीचा उंचवटा म्हणजे वरंबा. दोन सऱ्यांच्या मधली लांब रांग, जिच्यावरून आम्ही पोरं तोल सांभाळत पळायचो. आणखी एक उंचवटा फडाच्या कडेला होता. हातभर लांब, वर एक दगड. तोडणीला आलेल्या एका बाईचं तान्हं तिथं पुरलं होतं. आई आम्हाला तिकडे फिरकू द्यायची नाही. पुढच्या पावसाळ्यात तो सपाट झाला, आणि मग कुठं जायचं नाही हेही आईला नीट दाखवता येईना.

लग्न होऊन सुरतेत गोडादऱ्याला आले तेव्हा तिसरा उंचवटा भेटला, तो सासऱ्यांच्या तोंडी. त्यांना सगळी गल्ली आबा म्हणते. आयुष्य पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये गेलं, अंगाला रंगाचा आणि वाफेचा वास लागला, पण बोलणं सगळं शेतातलं. त्यांचा शब्द बांध. जेवताना ताटात भात आणि वरण यांच्यामध्येसुद्धा ते बोटाने बांध घालतात. मी एकदा म्हटलं, "आबा, कोरडवाहू भात खाता का?" तर सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. आबा मात्र गंभीरपणे म्हणाले, "पानी अडावं लागस, पोरी. अडावं ना, म्हंजे जिरस."

अडवलं की जिरतं. हे त्यांचं एकच तत्त्वज्ञान. त्यांच्या गावाकडे पाऊस म्हणजे पाहुणा, आला तर आला. म्हणून आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की मृगाच्या आधी घरातली सगळी माणसं शेतात उतरायची आणि फुटका बांध सारखा करायची. आखाजीला लेकी माहेरी आलेल्या असायच्या, त्याही पदर खोचून माती टाकायच्या. बांधाला अडलेलं पाणी दोन दिवस चकाकायचं आणि मग जमिनीत उतरायचं. विहिरीला लागायचं. अडवलेल्या पाण्याने कुणाचं वाईट केलं, असं आबांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आमच्या घरामागे खाडी आहे. खाडी म्हटलं की समुद्र डोळ्यांसमोर येतो, पण ही म्हणजे काळपट पाण्याची एक वाट, उन्हाळ्यात वास मारणारी, कधी कधी लालसर नाहीतर निळसर दिसणारी. तिला पूर येतो. आणि गंमत अशी की तो इथल्या पावसाने येत नाही. तो माझ्या माहेराकडून येतो. बारडोलीकडे रात्रभर कोसळला की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कडक ऊन असतानासुद्धा खाडी फुगते. नवीन असताना नणंद मला चिडवायची, "वहिनी, तुन्हा माहेरनं पाणी वनं बघ, चहा ठेव."

ही नणंद, आमची ताई, खाडीच्या पलीकडे दिली आहे. घरामागे उभं राहिलं तर तिच्या चाळीचे पत्रे दिसतात. हाक पोचत नाही, पण वाळत घातलेली साडी कुठली ते ओळखता येतं. पूल लांब आहे, रिक्षाने वळसा घालून जावं लागतं. तिच्याकडे नवरा, एक मुलगी आणि अंथरुणाला खिळलेली सासू. पूर यायचा तो दोन्हीकडे यायचा. आमच्याकडे गुडघाभर, तिच्याकडे गुडघाभर. दोन्ही घरांत एकाच दिवशी चिखल काढायचा आणि फोनवर एकमेकींना शिव्याशाप ऐकवायचे, खाडीला आणि आपापल्या नवऱ्यांना. त्या चिखलातही एक सोबत होती, हे मला आता कळतं.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात जवळच एका मोठ्या इमारतीचा पाया खणला जात होता. काळी माती निघत होती, ढीगच्या ढीग. आबा तिथं जाऊन उभे राहिले, मूठभर माती उचलली, चुरून पाहिली आणि घरी येऊन म्हणाले, "आपला गावनी माटी शे." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. आणि मग त्यांच्या डोक्यात बांध शिरला तो निघेचना.

गल्लीला पटवायला वेळ लागला नाही. निम्मी गल्ली खानदेशची, लूमवर नाहीतर मिलमध्ये राबणारी. सगळ्यांच्याच हातांना फावडं आठवत होतं. ट्रॅक्टरवाला नाहीतरी माती टाकायला जागा शोधतच होता. शेजारच्या गुजराती काकांनी नारळ आणला. आखाजीच्या आधल्या दिवशी तो फोडला आणि कामाला सुरुवात झाली.

आखाजीला ताई आली. घरात नवी घागर भरून ठेवलेली, तिच्यावर खरबूज, खापरावर मांडे चाललेले. ताईने मुलीला झोक्यावर बसवलं, दोन मांडे खाल्ले आणि विचारलं, आबा कुठे? मागे, म्हटलं, तुझ्यासाठी गाव वसवतायत. ती गेली आणि बापाला फावडं मारताना पाहून तिला राहवलंच नाही. साडी खोचली, टोपलं डोक्यावर घेतलं. मीही गेले. माती टाकायची, पाणी शिंपडायचं, धुम्मस मारायची, पुन्हा माती. आम्ही दोघी अनवाणी त्या ओल्या मातीवर नाचल्यासारख्या चालत होतो आणि आबा खालून ओरडत होते, "टाच लाव, टाच!" ताईच्या पैंजणांत माती भरली होती. इतकी हसलेली ती मी त्याआधी पाहिली नव्हती, आणि त्यानंतर तर नाहीच.

संध्याकाळी ती बांधावर उभी राहिली आणि पलीकडे पाहू लागली. "मन्हं घर कसं दिसस आठून," म्हणाली, "खड्डामा बठेल शे." मी हसले. आबा हराळीचे गड्डे लावत होते, त्यांनी मान वर केली नाही. ते वाक्य तिथंच राहिलं. कुणीही, अगदी ज्या बाईने ते म्हटलं तिनेही, पुढचा विचार केला नाही. आम्हा कोरड्या मुलखातल्या माणसांना अडवायचं एवढंच कळतं. अडलेलं कुठं जातं, हा प्रश्नच आमच्यात नाही.

बांध पुरुषभर उंच झाला. हराळी धरली. मृगात पाऊस झाला, आषाढात झाला. खाडी थोडी थोडी वर यायची आणि बांधाच्या पायाशी घुटमळून परत जायची. आबा रोज सकाळी काठी घेऊन बांधावरून फिरायचे, एखादी भेग दिसली की तिथं काठीने टोचायचे आणि लगेच माती भरायचे. मला उगाच धास्ती वाटायची. बांधामुळे खाडी आता घरातून दिसत नव्हती, नुसती ऐकू यायची. जे दिसतं त्याची भीती मोजकी असते. न दिसणाऱ्याचं काय करायचं?

श्रावणात एका सकाळी बारडोलीहून भावाचा फोन आला. "अक्का, आठे रातपासून धो धो चालू शे. थांबी नही राहिना. फडमा कमरइतलं पानी शे." मी खिडकीतून पाहिलं. आमच्याकडे ऊन होतं. समोरची बाई पापड वाळत घालत होती.

मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, "येऊ दे." आवाजात चक्क उत्सुकता होती. नव्या बैलाला पहिल्यांदा जुंपायचं असावं तशी.

दुपारपर्यंत खाडीचा आवाज बदलला. आधी खळखळ होती, मग ती थांबली आणि एक जड घोंघावणं सुरू झालं. गल्लीतली माणसं बांधावर चढली. मीही चढले. पाणी बांधाच्या निम्म्यावर होतं, तपकिरी, वर लाकडं, थर्माकोल, एक अख्खी खाट. ते आमच्या बाजूला येऊन थडकायचं, जरा थांबायचं आणि वळायचं. ते वळणं मी नीट पाहिलं. माणसाने दार लावलेलं पाहून दुसऱ्या दाराकडे जावं, अगदी तसं.

आमची गल्ली कोरडी होती. पापड वाळत होते. लोकांना आनंद आवरेना. कुणी मोबाइलवर व्हिडिओ काढत होतं, कुणी आबांच्या पाया पडलं. गुजराती काकांनी त्यांना मिठी मारली, "काका, आ वखते आपणे बची गया!" कुणीतरी चहाचं पातेलंच बांधावर आणलं. आबांच्या हातात कप दिला. त्यांनी तो तोंडाला लावला आणि तेवढ्यात त्यांची नजर पलीकडे गेली.

पलीकडे ताईच्या चाळीचे पत्रे दिसत होते. पत्रे आणि त्यांच्याखाली हातभर भिंत. खाली ओटा असतो, दाराशी तुळशीचा डबा असतो, ते काहीच नव्हतं. पत्र्यांवर माणसं बसली होती. ऊन इतकं लख्ख होतं की साड्यांचे रंग दिसत होते, आणि मी वेड्यासारखी त्या रंगांत ताईची साडी शोधत होते.

आबांनी कप खाली ठेवला. फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग त्यांनी हाक मारली. सत्तरी ओलांडलेला माणूस पोटातून ओरडत होता आणि त्या घोंघावण्यात त्याचा आवाज दोन हातांवर विरत होता. मागे कुणीतरी अजून हसत होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी वळून ओरडले, "गप बसा! पलीकडे माझी नणंद आहे!" मग हळूहळू एकेक जण उतरून गेला. चहाचं पातेलं तिथंच राहिलं.

आबा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "जिरी जाई." मग बऱ्याच वेळाने पुन्हा, जणू पाण्यालाच विनवत, "जिरी जाई आते."

ते जिरलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरलं.

पुलावरची वाहतूक सुरू झाल्याबरोबर मी आणि माझा नवरा गेलो. ताई जिवंत होती. मुलगी शेजाऱ्यांबरोबर पत्र्यावर होती. ताई आणि तिचा नवरा मात्र वर गेलेच नव्हते. सासूला वर चढवणं शक्य नव्हतं. त्यांनी टेबलावर टेबल ठेवून म्हातारीला वर निजवलं होतं आणि दोघं दोन बाजूंनी छातीभर पाण्यात टेबल धरून उभे राहिले होते. संध्याकाळपर्यंत, रात्रभर, उजाडल्यावरही. ताईच्या हातांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमनाकडे कितलं वनं?"

मला खोटं बोलायचं होतं. फार मनापासून बोलायचं होतं. पण माझी चप्पल कोरडी होती आणि ती तिच्याकडेच पाहत होती.

म्हातारीला त्या दिवसापासून ताप आला. पोळ्याच्या आधी ती गेली. पुराने गेली असं कुणी म्हटलं नाही, वय झालं होतं म्हणाले. ताईनेही आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही. तिने नुसतं येणं थांबवलं. दिवाळीला आली नाही, संक्रांतीला आली नाही. फोन केला की बोलायची, मुलगी बरी आहे, हे बरे आहेत, ठेवते. आबा बांधावर जाऊन बसायचे आणि पलीकडे तिची साडी वाळताना दिसली की घरी येऊन सासूबाईंना सांगायचे, आज हिरवी होती.

मी एकदा न राहवून म्हटलं, "आबा, बांध काढून टाकू या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते तयार होते, हे मला शपथेवर सांगता येईल. पण बांध आता त्यांचा राहिला नव्हता, गल्लीचा झाला होता. त्यांनी नुसती कुदळ घेऊन मागं जायचा अवकाश, चार घरांतली माणसं बाहेर आली. जे पाया पडले होते तेच म्हणाले, "आबा, आमची लेकरं आहेत इथं." लेकरं होतीच.

मग उन्हाळा लागला आणि पलीकडे ट्रॅक्टर दिसू लागले.

आधी एक ढीग, मग रांग. काळी माती. आम्ही आमच्या बांधावरून पाहत होतो. त्यांच्याकडेही धुम्मस वाजत होती, त्यांच्याकडेही बाया टोपली वाहत होत्या. आबा उन्हामुळे कपाळावर हात धरून दिवसभर पाहायचे. एके दिवशी म्हणाले, "टाच लावी नही राहिनात नीट." आणि मग ओशाळले. त्यांचा बांध आमच्या बांधाइतका झाला. थांबला नाही. त्याच्याही वर गेला. दोन्ही काठांमधली खाडी आता एखाद्या बोळासारखी दिसते.

या वर्षी आखाजीला सासूबाईंनी मांडे करायचा हट्ट धरला. त्यांचे गुडघे गेलेत. दोन पायऱ्या चढायच्या तर दोन माणसं लागतात. बसल्या बसल्या त्यांनी पुरण वाटलं. घागर भरली, खरबूज ठेवलं. दुपार टळली तेव्हा रिक्षा थांबली आणि ताई उतरली. एकटीच. मी इतकी हरखले की हातातलं पीठ तिच्या खांद्याला लागलं. तिने मला जवळ घेतलं, पण आत आली नाही. थेट मागे गेली, बांधावर चढली. आधी पलीकडे पाहिलं. मग वळून आमच्या घराकडे पाहिलं. दार, ओटा, खिडकी, भिंतीवरची जुनी ओल. तिचे डोळे कुठे थांबताहेत ते मी पाहत होते. ती पाणी कुठवर येईल ते पाहत होती.

आबा खाली उभे होते. म्हणाले, "वनी का, पोरी?"

"वनू."

"तुमना बांध मोठा झाया."

"हा. मी पन माटी टाकी," ताई म्हणाली. "तुन्हा बांधवर टाकेल व्हती ना, तशीच. मी नही टाकती तरी त्या बांधतातच. पन मी टाकी, आबा. खोटं कसाले सांगू."

आबांनी मान हलवली. त्यांनी रागवावं असं मला वाटलं. ते रागावले असते तर सोपं झालं असतं.

ताई खाली उतरली, घरात आली, आईसमोर जमिनीवर बसली आणि तिने तिच्या सुजलेल्या गुडघ्यांवर हात ठेवला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "वहिनी, मायन्या साड्या बांध. गोळ्यासुद्धा. मी मायले ली जास."

सासूबाई बावरल्या. आखाजीला लेक माहेरी येते, चार दिवस राहते, ओटी भरून जाते. लेकीने आईला उचलून न्यावं असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. "कथा ली जास माले?" त्यांनी विचारलं.

"माहेरले," ताई म्हणाली. "आते मन्हं घर तुन्हं माहेर. पाऊस सरी जाई तवलोंग." आणि मग ती रडू लागली. म्हातारं माणूस पाण्यात धरून ठेवताना हातांना काय होतं, ते आमच्या घरात तिला एकटीलाच माहीत होतं. सासूच्या वेळी जे कळलं ते ती आईच्या वेळी पुन्हा शिकणार नव्हती.

आम्ही सासूबाईंना खुर्चीसकट उचलून रिक्षात बसवलं. मी त्यांची ओटी भरली, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही. ताईने मलाही म्हटलं, "मृग लागना की पोरीले ली ये. दोन्ही जनी या." आबांना तिने काही म्हटलं नाही. वाकून पाया पडली. ते येणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

त्याला आता महिना होत आला. मुलीची पुस्तकं मी प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर टाकली आहेत, त्यातच ते इंग्रजीचंही. ताईकडे न्यायची बॅग दाराशी आहे. बांध वाळून त्याला भेगा पडल्यात, बोट जाईल एवढ्या. आबांनी त्या भरायचं सोडून दिलंय. रोज सकाळी बांधावर जाऊन बसतात, पलीकडच्या उंच बांधामुळे आता साड्याही दिसत नाहीत, तरी बसतात. खाली उतरल्यावर मला एकच विचारतात. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

"पोरी, तुन्हा माहेरले पानी शे का?"

"नाही आबा," मी सांगते. "अजून नाही."

आज सकाळी भावाचा फोन वाजतोय. आबा बांधावर आहेत. मी अजून उचललेला नाही.